राजवाड्यातला कहवा

माझ्या सासऱ्यांच्या एकाच गोष्टीचा मला राग यायचा. चहा प्यायले की उठायचे आणि आपला कप आपणच विसळून ओट्यावर पालथा घालायचे. जेवण झालं की ताटाचंही तसंच. "अहो बाबा, ठेवा ना ते!" म्हणून मी घसा कोरडा करायची, तर म्हणायचे, "असू दे गं. पाहुण्यानं जरा हातपाय हलवलेले बरे." पाहुणा! पोटच्या पोराच्या घरी पाहुणा! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आई गेल्यावर बाबा अकोल्यात एकटे पडले होते. रिटायर्ड हेडमास्तर, सोबतीला एक रेडिओ. म्हणून माझ्या नवऱ्यानं, अतुलनं, हट्टानं त्यांना मस्कतला, माबेलातल्या आमच्या फ्लॅटवर आणलं. मला ते कायमचे हवे होते, अगदी मनापासून. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. 'बाबा' म्हणून हाक मारली की घरातून ओ यावी, एवढंच माझं मागणं. व्हिसा वाढवून मिळत होता, पण हे शनिवारचं परतीचं तिकीट धरून बसलेले. विषय काढला की म्हणायचे, "बघू," आणि पेपरात तोंड खुपसायचे.

जाण्याआधी निदान काही दाखवू म्हणून गुरुवारच्या सुट्टीला त्यांना जबरीनला नेलं. २००३ चा जानेवारी. डोंगरांकडून वारा चांगलाच गार येत होता. बाबांनी मफलर कानांवरून घट्ट बांधला. जबरीनला किल्ला म्हणतात, पण आत आहे तो जुन्या इमामांचा राजवाडा. गाईड होता खल्फान नावाचा म्हातारा ओमानी. तरुणपणी मुंबईत राहिलेला, त्यामुळे हिंदी बोलायचा. त्यानं खजुराची कोठी दाखवली, जमिनीतल्या पन्हाळींतून खजुराचा पाक कसा वाहायचा ते सांगितलं, रंगवलेली छतं दाखवली. मग वरच्या मजल्यावर एका खोलीशी थांबून म्हणाला, "ये इमाम का घोडे का कमरा."

"घोडा वर?" मी म्हटलं. "आमच्या बिल्डिंगमध्ये माणसांना लिफ्ट नाही, आणि इथं घोडा जिने चढायचा!"

बाबा खळखळून हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. पण शनिवारी हे हसणं विमानात बसून जाणार होतं.

खाली आल्यावर खल्फाननं दाराजवळच्या खोलीत चटईवर बसवलं. खजूर पुढे केले, थर्मास उघडला. पाण्याच्या वाडग्यात बिनकानाचे छोटे कप होते. त्यातला एक उचलून त्यानं त्यात घोटभर कहवा, म्हणजे बिनदुधाची अरबी कॉफी, ओतला, इथल्या रीतीप्रमाणे आधी स्वतः प्यायला, आणि तोच कप भरून बाबांपुढे धरला.

बाबा कपाकडे बघतच राहिले. मग सावकाश प्यायले, उठले, वाडग्यात कप विसळला, मफलरनं पुसला आणि पार उंबऱ्याबाहेर नेऊन पालथा ठेवला.

खल्फानचा चेहरा उतरला. "क्या हुआ बाबा? कहवा अच्छा नहीं?"

"नाही नाही, अच्छा है," बाबा ओशाळले. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "सवय गं. लहानपणी गावच्या हॉटेलात आमच्या वस्तीतल्यांचे कप बाहेर कोनाड्यात असायचे. विटाळ नको म्हणून वरून चहा ओतायचे. आपणच प्यायचा, आपणच विसळून पालथा ठेवायचा. हेडमास्तर झालो, पण हात काही विसरला नाही."

अतुल खाली बघत बसला. त्याला हे त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. मग त्यानं दोन वाक्यांत खल्फानला हिंदीत सांगितलं. खल्फान उठला. उंबऱ्याबाहेर गेला, तो कप उचलून आणला, त्यात कहवा ओतून स्वतः प्यायला, पुन्हा भरला आणि बाबांच्या हातात दिला. "बैठो. तुम मेहमान."

माझे डोळे भरून आले, आणि मला रडू आलं की आधी संतापच येतो. "ऐकलंत?" मी फाडकन म्हटलं. "पाहुणे व्हायचं तर इथं व्हा! माझ्या घरात पुन्हा कप विसळायला गेलात ना, तर... तर सगळे कप फोडून टाकीन मी!"

"अगं भावना!" अतुल म्हणाला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग कपातला घोट घेतला. "अतुल," ते म्हणाले, "शनिवारचं ते तिकीट रद्द होतं का बघ. हिचे कप वाचवायला हवेत."

मी पदरानं तोंड झाकून घेतलं. खल्फाननं त्यांचा कप पुन्हा भरला. ते प्यायले. त्यानं पुन्हा भरला. ओमानात कप बोटांत धरून जरासा हलवला की 'पुरे'. हलवला नाही तर ओतणारा ओततच राहतो. बाबांना हे कुठलं माहीत! अतुल सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्याला कोपरानं ढोसलं. पिऊ देत की!