मिरचीचा दोष

“मिरचीनंच केलं जी, दुसरं काय!” मधुकरराव फोनवर मेहुण्याला सांगत होते. दवाखान्याच्या बाकड्यावरचे चार जण वळून पाहू लागले.

“ठेवा तो फोन,” शेजारी बसलेली त्यांची बायको गोपिका म्हणाली. “सकाळपासून तिसऱ्यांदा सांगून राहिले. मिरची, मिरची! दुसरं काही सुचते का तुमाले?”

बोलता बोलता तिला खोकल्याची उबळ आली. मधुकररावांनी पाण्याची बाटली पुढे केली. तिने ती घेतली, पण त्यांच्याकडे पाहिले नाही.

वर्षभर तिने हेच ऐकले होते. कळमन्याच्या मार्केटमध्ये त्यांचे मिरचीच्या अडतीचे दुकान. लग्नानंतर दोनच वर्षांनी ती गादीवर बसू लागली. शेतकऱ्यांशी बोलणे, लिलावाला उभे राहणे, हमालांवर ओरडणे, सगळे तीच करी, तेही दिवसभर मिरचीच्या धुळीत. त्यामुळे खोकला सुरू झाला तेव्हा कोणी नवल केले नाही. नंदनवन वस्तीतल्या डॉक्टरांनी आधी अ‍ॅलर्जी म्हटले, मग टीबीच्या गोळ्या दिल्या. शेवटी फुप्फुसातला तुकडा काढून तपासला, तेव्हा कॅन्सर निघाला. त्यानंतर जो भेटायला येई तो आधी मिरचीला शिव्या घाली आणि मग चहा पिई.

आत कॅन्सरतज्ज्ञ डॉ. मुग्धा गाठीच्या जनुक-तपासणीचा रिपोर्ट उघडून बसल्या होत्या.

“काकू, तुमच्या गाठीतल्या पेशींमध्ये गुणसूत्राचा एक भाग तुटून उलटा जोडला गेलाय. त्यामुळे दोन वेगवेगळी जनुकं एकमेकांना चिकटली. त्यांच्यापासून एक जोडप्रथिन तयार होतं. पेशीला वाढायचा हुकूम गरजेपुरता मिळतो आणि थांबतो. हे प्रथिन मात्र तो हुकूम देतच राहतं.”

“मंजे बेलचं बटन दाबलं, अन् ते आतच अटकलं?”

“तसंच. त्यावर गोळी आहे, ती त्याच प्रथिनाला अडवते. रोज घ्यायची. आजार कायमचा जाईल असं सांगत नाही, पण बराच काळ दबून राहू शकतो.”

“माह्या पोरीले तर नाही होनार?”

“नाही. हा बिघाड जन्मापासूनचा नाही, नंतर फुप्फुसाच्या पेशीत झालेला आहे. तो मुलांकडे जात नाही.”

मधुकरराव पुढे सरकले. “पन तो तुकडा मिरचीनंच तुटला असन ना, मॅडम?”

“मिरचीमुळे असं होतं याला काही पुरावा नाही. का तुटला, ते कोणालाच सांगता येणार नाही. कोणाचा दोष नाही, काका.”

मधुकररावांचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर ते जिन्यापाशीच थांबले.

“गोपिका, म्या दुकान देऊन टाकलं. शेजारच्या गाळ्यातल्या धर्मेंद्रले. मागच्या सोमवारी सह्या झाल्या.”

तिला आधी कळलेच नाही.

“मले इचारलं काहून नाही?”

“तुह्यासाठीच केलं वं. तुले त्या ठसक्यात पुन्हा बसवू कसा मी?”

“माह्यासाठी! बीमारी माही, दुकान माहं, अन् ठरवनारे तुमी? निस्तं इचारलं असतं, तर काय बिघडलं असतं जी?”

त्यांचे डोळे भरून आले. त्याचाही तिला राग आला. आता ओरडायचीही सोय उरली नव्हती.

गोळी लागू पडली. उन्हाळा लागेपर्यंत खोकला जवळजवळ गेला, जिना चढताना दम लागेना. एका सकाळी ती रिक्षा करून एकटीच कळमन्याला गेली.

दुकानावर नवी पाटी होती. धर्मेंद्र लगबगीने उठला. “काकू, आत नका येऊ, ठसका लागन. बाहेर खुर्ची टाकतो.”

“लागू दे,” म्हणत ती आत जाऊन पोत्यांजवळ उभी राहिली. लाल धूळ उन्हात तरंगत होती. एकदाही खोकला आला नाही.

इतक्यात कुहीकडचा एक म्हातारा शेतकरी आत शिरला. धर्मेंद्रला ओलांडून तो सरळ तिच्यापाशी आला आणि मूठभर मिरची तिच्यापुढे धरली.

“लय दिसानं दिसली बाई. काय भाव लावतं?”

तिने एक मिरची उचलली, मोडली, वास घेतला.

“माल चांगला हाय बाबा,” ती धर्मेंद्रकडे हात करत म्हणाली. “भाव त्याइले इचारा.”

आणि पदराला बोटे पुसत ती धर्मेंद्रने बाहेर टाकलेल्या खुर्चीवर जाऊन बसली.