आधी रचलेली गंजी

तातडीला या घाईतून तीन गोष्टी मिळणार होत्या. ओढ्यापलीकडच्या मेहुण्याच्या आधी गवत रचून मोकळं होणं; गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी गंजी, म्हणजे थंडीत गाईला ऊब; आणि पुढचं वर्षभर मेहुण्यासमोर मिशीला पीळ. पहिल्या दोन तो बोलून दाखवायचा. तिसरी बायकोला न सांगताच ठाऊक होती.

तातडी हे नाव मेहुण्यानंच पाडलेलं. स्वतःच्या लग्नात हा वऱ्हाडाच्या आधी मांडवात येऊन खुर्च्या लावत होता, हे मेहुणा दर भेटीत नव्यानं सांगायचा आणि त्याची बहीण, म्हणजे तातडीची बायकोही, दर वेळी हसायची. तातडी हसायचा नाही.

पाऊस उघडला तसं दोन्हीकडं गवत कापून झालं. ते उलटंपालटं करत वाळवायचं, मग मूठभर घेऊन पिळायचं. काडी मोडली तर रचायचं, वाकली तर थांबायचं. हे तातडीला लहानपणापासून माहीत. त्याच्या मुठीत काडी वाकली. त्यानं आभाळाकडं बघितलं, पलीकडं मेहुणा अजून गवत उलटत होता तिकडं बघितलं, आणि गाडी भरायला घेतली. बायको म्हणाली, ओलं आहे. तो म्हणाला, गंजीत वाळेल, तिला कुठं गावाला जायचंय?

गाय बायकोची. माहेराहून वासरू म्हणून आणलेली, पहिल्यांदाच गाभण, दिवस भरत आलेले. घरात दुसरं दुभतं नव्हतं. बायको तिच्या पोटावर हात ठेवून आतली हालचाल बघायची आणि ती जाणवली की त्या दिवशी तिला काम जरा हलकं वाटायचं.

आधी वास आला. गोडसर, तंबाखूसारखा. तातडी खूश, गवत मुरतंय म्हणाला. मग मांजर चूल सोडून गंजीच्या माथ्यावर निजायला लागलं. त्याचंही त्याला कौतुक. एका सकाळी सगळ्यावर दव होतं, गाडीवर, कुंपणावर, गोठ्याच्या छपरावर. गंजी तेवढी कोरडी होती आणि तिच्या माथ्यावरून वाफेची बारीक रेघ निघत होती. गाय भिंतीपासून सरकून, साखळी ताणून उभी राहू लागली. मग मांजरही खाली उतरलं आणि परत वर गेलं नाही.

बायकोनं पहार गंजीत खुपसून ठेवली. अंगण झाडून आली, ओढून काढली आणि हातातून टाकून दिली. तळवा लाल झाला होता. गाय माझ्या भावाकडं नेऊन बांधू, एवढंच तिनं मागितलं.

"म्हणजे मी ओलं गवत रचलं हे गावभर सांगायचं?" तातडी म्हणाला. "गाय इथंच राहील."

गाय तिथंच राहिली. बायकोनं फक्त साखळी काढून दावं बांधलं, एका हिसक्यात सुटेल अशा गाठीचं.

मेहुण्याचं गवत रचून झालं तेव्हा तो दुपारचा सहज आला. तातडी त्याला गंजीपाशी घेऊन गेला. याच दिवसासाठी सगळं केलेलं. मेहुण्यानं कोपरापर्यंत हात आत घातला आणि लगेच काढला. खुर्च्यांची गोष्ट काढली नाही, काही चेष्टा केली नाही. भाऊ चेष्टा करत नाही हे बघून बायको गोठ्याकडं वळली.

"दाजी, आधी गाय सोडा," तो हळू म्हणाला. "आणि गंजीला हात लावू नका. आत धुमसतंय, तिला वारा लागता कामा नये."

"आत कसं हिरवंगार आहे ते दाखवतो," म्हणत तातडीनं गवत ओढायचं दाताळं उचललं.

पहिल्या ओढीला तपकिरी गवत आलं. दुसऱ्या ओढीला काळं. क्षणभर काहीच झालं नाही. वारा तेवढा त्या भोकात शिरला. मग गंजीनं आतून एक लांब श्वास घेतल्यासारखा आवाज आला आणि भोकातून जाळ बाहेर पडला.

बायको तोवर गोठ्यात पोचली होती. एका हिसक्यात गाठ सुटली. छप्पर पेटलं तेव्हा गाय बाहेर होती, पण ती थांबेना. तेवढं जड पोट घेऊन ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडांवरून पळाली, मधे पडली, उठली, आणि माहेरच्या गोठ्यात जाऊन उभी राहिली. तिथंच दुसऱ्या दिवशी वेळेआधी व्याली. वासरू उठलं नाही. बायको त्याला संध्याकाळपर्यंत चोळत बसली होती.

मेहुण्यानं आपलं अर्धं गवत दिलं आणि त्यावरून आजवर एक शब्द काढलेला नाही. तातडीला तेच सोसत नाही. बायको बोलते, कामापुरतं. कुणी विचारलं तर तातडी सांगतो की त्या साली गवत आधी त्याचंच रचून झालं होतं, आणि ते खोटं नाही.

गोठा त्याचा गेला, गवत मेहुण्याचं गेलं, दूध बायकोचं गेलं. सगळ्यांत जास्त किंमत मोजली त्या वासरानं, आणि या चढाओढीत त्याला काहीच मिळणार नव्हतं.