हात न लावलेलं कार्ड

“ताई, हे कार्ड नुसतं ठेवून देऊ नकोस हं. पोरीला वापरायला शिकव. महिन्याला काहीतरी बारीकसारीक घ्यायचं, बिल आलं की मुदतीआधी सगळं भरून टाकायचं. पत अशीच उभी राहते. एवढं कर माझ्यासाठी.”

जहाजावर परत निघताना, दारात बॅग टेकवून भाऊ हे बोलला होता. आज बँकेच्या काउंटरपुढे आत्याला त्यातला शब्दन् शब्द ऐकू येत होता, कारण पलीकडचा कारकून म्हणत होता, “हे क्रेडिट कार्ड कधीच बंद झालंय, बाई.”

“बंद कसं होईल? आम्ही तर त्याला हातसुद्धा लावला नाही!”

“म्हणूनच बंद झालं.”

शेजारी उभी असलेली भाची फस्सकन हसली. एका जागी ठरत नाही म्हणून आत्याने तिचं नाव भिंगरी पाडलं होतं. आई लहानपणीच गेली, बाप समुद्रावर. पोरीला वाढवलं आत्याने. आता कॉलेजचं शेवटचं वर्ष. दूरच्या गावी तिला शिकाऊ म्हणून घेतलं होतं आणि तिथली खोली देणाऱ्यांनी तिची पत आधी तपासायची म्हटलं होतं. तपासली, तर पाटी कोरी.

“घेतलेलं वेळेवर फेडलं की बँकेला माणूस कळतो,” कारकून समजुतीने म्हणाला. “तुम्ही घेतलंच नाहीत.”

“न घेणारं माणूस चांगलं नाही का?”

“चांगलं असेल हो. पण ओळखीचं नाही ना.”

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आत्याने तर जन्मात पायच पसरले नव्हते. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमला बसवायच्या, मिळेल त्यात भागवायचं, उधारीचं नाव निघालं की अंगावर काटा यायचा. भावाने पोरीच्या नावावर काढून हातात ठेवलेलं कार्ड तिने त्याच दिवशी रुमालात गुंडाळून चादरींच्या घडीखाली सारलं होतं. जणू साप होता तो, आणि टोपली तिच्या राखणीला दिली होती.

बँकेबाहेर भिंगरीचा फोन वाजला. ती “बरं, बरं” म्हणत राहिली. फोन ठेवून पायरीवर बसली.

“खोली गेली. दुसऱ्या कुणाला दिली.”

“मग आता गं?”

“आता काय, पहाटेची बस. रोज जाऊन येऊन. झोप बसमध्येच काढायची. तुला सकाळी मला उठवायला नको, हा फायदा.” मग म्हणाली, “तू तोंड पाडू नकोस, आत्या. तुझा काय दोष? कार्ड पोरीच्या हाती देऊ नको म्हणून बाबांनीच बजावलं होतं ना? त्यांना मी कधी भरवशाची वाटलेच नाही.”

भावाने असं कधी बजावलं नव्हतं. भिंगरीने एकदा नकाशे काढायच्या सामानासाठी कार्ड मागितलं, तेव्हा आत्या घाबरली. आपला नकार पोरगी मानणार नाही, हे ठाऊक. म्हणून म्हणाली, “तुझा बाबाच नको म्हणतो. तुझा हात सैल आहे म्हणतो.” सामान तिने स्वतःच्या पगारातून आणून दिलं आणि विषय मिटवला. तिकडे भाऊ फोनवर विचारायचा, “बिल वेळेवर जातं ना, ताई?” ती म्हणायची, “एक पैसा बाकी नाही.” शब्द खरा होता. प्रार्थना झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणाऱ्या आत्याने त्या खऱ्या शब्दावर मनाची समजूत घातली होती. भाऊ खूश व्हायचा.

फक्त पोरगी बापाशी हळूहळू तुटक बोलू लागली. हो. नाही. बरी आहे. भाऊ म्हणायचा, “हल्ली बोलत नाही गं ती माझ्याशी.” आणि आत्या म्हणायची, “वय आहे रे.”

“भिंगरे,” आत्या म्हणाली, “ते त्याने सांगितलं नव्हतं.”

“काय?”

“कार्ड देऊ नको म्हणून. तो वापरू दे म्हणाला होता. मला भीती वाटली, मी त्याच्या नावावर खपवलं.”

“हात सैल आहे, तेही?”

“तेही मीच.”

माणसं पायऱ्या चढत होती, उतरत होती. एकाला वाट द्यायला भिंगरी बाजूला सरकली आणि परत जवळ आली नाही.

“बाबांच्या वाढदिवसाला मी त्यांचा फोन उचलला नव्हता, आत्या.”

आत्याने पुढे केलेला हात तसाच मागे घेतला. “मी सांगते त्याला. आजच फोन करते.”

“फोनवर नको. फोनवर ते ‘जाऊ दे गं ताई’ म्हणतील आणि तू जाऊ देशील.” तिचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं, असं आत्याला वाटलं. “आणि नवं कार्ड मी काढणार. माझ्या शिष्यवृत्तीतून थोडे पैसे बँकेला ठेव म्हणून देईन, त्यावर मिळतं म्हणाले. वापरेन मी, भरेन मी. तू मध्ये पडायचं नाहीस.”

“नाही पडणार. त्याचं जहाज परवा बंदराला लागतंय. तोंडावर सांगेन, शब्द देते.”

भिंगरीने मान हलवली. ती मान होकाराची होती की नुसती ऐकल्याची, ते आत्याला कळलं नाही.

जहाज लागायच्या दिवशी सकाळी आत्या आधी दुकानात गेली. घासायला लावलेली काचांची जोडी पुरी करून, हात धुऊन मालकांकडे सुट्टी मागितली.

“तुम्ही आणि सुट्टी? सूर्य कुठून उगवला आज?” मालक म्हणाले. “लग्नबिग्न आहे की काय?”

“नाही. भावाला भेटायचंय.”

“वा! भाऊ खूश होईल.”

आत्याला बंदराच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. भावाला बंदराबाहेर पडता येणार नव्हतं, पण फाटकापर्यंत येतो म्हणाला होता. ‘कशाला एवढी दगदग करतेस?’ हेही म्हणाला होता, आणि त्याच्या आवाजातला आनंद तिला सहन झाला नव्हता.

बस सुटली. पहिलं वाक्य काय बोलायचं, ते ती ओठांतल्या ओठांत घोळवू लागली. ‘तुझी लेक तुझ्याशी बोलत नाही, ते माझ्यामुळे.’ पुन्हा एकदा. पुन्हा.

शेजारच्या बाईने वळून पाहिलं. “काही म्हणालात?”

“नाही,” आत्या म्हणाली. “अजून नाही.”