वेंडेलच्या खुर्चीसाठी माणूस

हॉलमध्ये खुर्च्या मांडून झाल्या होत्या. बँडची पोरं गारठलेल्या बोटांवर फुंकर मारत वाद्यं जुळवत होती. नव्या कोचच्या स्वागताचा फलकही भिंतीवर चढला होता. तेवढ्यात लोर्नाचा फोन वाजला. ज्याचं स्वागत करायचं, तोच बोलत होता. ओहायोतल्या त्याच्या कॉलेजने त्याला अचानक बढती दिली होती आणि आता तो येणार नव्हता. मनापासून माफी मागतो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

लोर्ना स्किडमोर ही ग्रेसन फोर्क कॉलेजची क्रीडा संचालक. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातलं हे गाव. खाणी बंद पडल्यापासून गावाला आपलं म्हणावं असं एकच उरलं होतं, शनिवारचा फुटबॉल, हेल्मेट घालून हाताने चेंडू फेकत खेळायचा अमेरिकन. त्यातही टीम दोन हंगाम सलग हरत आली होती. शेवटी विश्वस्तांनी बैठकीत सांगितलं, कोच बदला. लोर्नाने वेंडेल स्टॅग्जला केबिनमध्ये बोलावलं आणि शेवटच्या सामन्याचा चिखल त्याच्या बुटांवर वाळायच्या आत त्याला घरी पाठवलं. शाळेत दोघं एका वर्गात होते. गळ्यातली शिट्टी काढून त्याने टेबलावर ठेवली, एवढंच.

आता हॉलमध्ये जाऊन लोकांना परत पाठवणं तिच्याच नशिबी आलं. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. बँडवाल्यांनी वाद्यं पेट्यांत भरली.

त्यानंतर तिने ज्याला ज्याला फोन केला, त्याने काही ना काही कारण सांगून अंग काढून घेतलं. एकाने तर विचारलं, तुमची टीम पुढच्या वर्षी असणार आहे का? इकडे पोरं रोज गळत होती. कुणी केंटकीच्या कॉलेजात चाललं, कुणी टेनेसीच्या. कॉलेजचे अध्यक्ष डॉ. हॅव्हर्टी सभ्य माणूस. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, की शुक्रवारी विश्वस्तांची बैठक आहे. तोवर नाव आलं नाही तर फुटबॉल बंद करायचा ठराव येईल आणि तो मंजूरही होईल.

लोर्नाला दोन रात्री धड झोप लागली नाही. सकाळी ती ऑरिन लायकिन्सकडे गेली. ऑरिन बचावफळीचा कोच, वेंडेलच्या हाताखाली वाढलेला. पोरं त्याच्यावर जीव टाकत. खरं तर पहिल्याच दिवशी त्याला विचारायला हवं होतं, पण विश्वस्तांना बाहेरचा चकचकीत माणूस हवा होता. ऑरिन सामानाच्या खोलीत हेल्मेटं पुसत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"वेंडेलला उठवलंत त्या खुर्चीत मी बसणार नाही. दुसरं काही असेल तर बोला."

दुसरं काही नव्हतं.

तिथून ती थेट वेंडेलच्या घरी गेली. वाटेत दोनदा तिला वाटलं, गाडी वळवावी. दार वेंडेलच्या बायकोने, रूबीने उघडलं. तिने आत ये म्हटलं नाही.

"गावात कुणी मेलं की डबे घेऊन रांग लागते दारात," रूबी म्हणाली. "याची नोकरी गेली तर कुत्रं फिरकलं नाही. आणि आलीस ती तू."

मागच्या अंगणात वेंडेल लाकडं फोडत होता. लोर्नाने सगळं सांगितलं, काही न लपवता. ऑरिन तुझंच ऐकेल, तू त्याला सांग, अशी तिने गळ घातली. बोलताना आपलाच आवाज तिला भिकाऱ्यासारखा वाटला.

वेंडेलने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली. "एक विचारतो. त्या बैठकीत माझ्या बाजूने एक शब्द तरी बोललीस?"

"नाही."

"का?"

"घाबरले. माझीही नोकरी गेली असती."

त्याने फोडलेली लाकडं ढिगावर टाकली. मग म्हणाला, "या पोरांच्या आयांच्या स्वयंपाकघरात बसून जेवलोय मी. पोराला सांभाळीन म्हणून शब्द दिलाय. तुझ्यासाठी नाही येत." आणि कोट आणायला आत गेला.

दोघं गाडीने ऑरिनच्या घरी पोचले. वेंडेल एकटाच आत गेला. लोर्ना काच खाली करून बसली. आतून ऑरिनचा चढलेला आवाज आला, मग काहीच ऐकू येईना. ते थांबणं तिला जड गेलं. ऑरिन बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते.

"करतो," तो म्हणाला. "पण बैठकीत गप्प बसल्याचं जे मघाशी कोचना सांगितलंत, ते पोरांसमोर सांगायचं. त्यांना वाटतंय कोच त्यांच्यामुळे गेले."

हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत उरलीसुरली पोरं बसली. निम्मे बाक रिकामे होते. लोर्नाने सांगितलं, की दोष तुमचा नव्हता. मला बोलायला हवं होतं, मी बोलले नाही. डॅरियन नावाचा धिप्पाड पोरगा कोपऱ्यातून म्हणाला, "मग कोच स्टॅग्जनाच परत आणा ना, मॅडम."

"विश्वस्त ऐकणार नाहीत," ती म्हणाली. "आणि खरं सांगायचं तर, मी अजून विश्वस्तांना विचारलेलंही नाही."

कुणी तिला माफ केल्यासारखं दिसलं नाही. चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू उठला, त्याने ऑरिनला मिठी मारली आणि आपली बॅग उचलून तो निघून गेला. त्याच्यामागे आणखी दोघं. बाकीचे बसून राहिले. खडू घेऊन ऑरिन फळ्यावर उरलेल्यांची नावं जागेवार लिहायला लागला. जागा जास्त होत्या, नावं कमी. काही नावं त्याने दोनदा लिहिली.

शुक्रवारच्या बैठकीत लोर्नाने ऑरिनचं नाव मांडलं. मग न ठरवता ती उभी राहिली आणि म्हणाली, वेंडेलला आपण काढलं ते चुकलं. अध्यक्षांनी चष्मा पुसला. विश्वस्तांपैकी एकाने घड्याळ पाहिलं. विषय पुढे सरकला. ऑरिनला एक वर्ष मिळालं, लोर्नाला कुणी काही बोललं नाही, पण त्या दिवसापासून तिला बैठकांना बोलावणं बंद झालं.

सप्टेंबरात पहिला सामना ते वाईट हरले. माणसं कमी म्हणून पोरं चढाई आणि बचाव दोन्हीकडे खेळून इतकी दमली होती, की शेवटी डॅरियन गवतावर बसला तो उठेना. ऑरिन त्याच्याशेजारी जाऊन बसला. गॅलरीतले लोक निघून गेले होते. लोर्ना कुंपणाशी उभी राहून बघत होती. पुढचा शनिवार सात दिवसांवर होता, आणि डॅरियनच्या जागी उभं करायला तिच्याकडे कुणीच नव्हतं.