आत्याच्या पाठीवर

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या वाचनालयातल्या छोट्या हॉलमध्ये रविवारी सकाळी विनयचं भाषण झालं. युरोपात क्रांत्या झाल्या, त्याआधी माणसांच्या डोक्यात काय काय बदललं, हा विषय. मराठी मंडळाची तीसेक माणसं आली होती आणि नवल म्हणजे कोणी मध्येच उठून गेलं नाही. विनय एरवी एका औषध कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतो, पण इतिहासाचं त्याला भारी वेड.

"धर्मग्रंथात काय लिहिलंय, हे आधी फक्त धर्मगुरू सांगायचे," तो रंगात आला होता. "मग छापखाने आले आणि माणसं स्वतः वाचायला लागली. कॉफीच्या दुकानात उमरावाशेजारी साधा दुकानदार बसून वाद घालायला लागला. क्रांती रस्त्यावर आली ती फार नंतर. त्याच्या कितीतरी आधी कुणीतरी आपल्या घरात विचारलं होतं, हे ठरवलं कोणी?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लॅपटॉपवर स्लाइड पुढे सरकवणारी त्याची धाकटी बहीण नैना, तीही कौतुकानं टाळ्या वाजवत होती.

परतताना पुढच्या सीटवर प्रोजेक्टर ठेवला होता, म्हणून नैना मागे बसली. गाडी पार्किंगमधून बाहेर पडते न पडते तोच अकोल्याहून आईचा फोन आला. विनयनं सवयीनं स्टीअरिंगवरचं बटण दाबलं आणि आईचा आवाज गाडीभर घुमला.

"शनिवारच्या बारशाचं सांगते विनू. नाव कानात सांगायला त्या शेजारच्या अनन्याला उभी कर. मानलेली बहीणच आहे ती तुझी. नैनाला पुढे करू नको बरं. माझ्या पोटची पोर आहे, मला का आनंद होतोय हे बोलताना? पण तान्ह्या लेकरासाठी शुभ-अशुभ बघावं लागतं बाबा."

नैनाचा नवरा यतीन दोन वर्षांपूर्वी गेला. चाळिशीही गाठली नव्हती, ऑफिसातच हृदयविकाराचा झटका आला. तेव्हापासून भारतातून येणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये नैनासाठी अशी एखादी मर्यादा आखून दिलेली असते. गेल्या महिन्यात विनयचं विमान शिकागोत अडकलं होतं, तेव्हा कळा सुरू झालेल्या त्याच्या बायकोला, दीपाला हॉस्पिटलमध्ये नेलं ते नैनानं. बाळ सगळ्यांत आधी हातात घेतलं तेही तिनंच. रुही हे नावही तिनंच सुचवलेलं. आणि बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तर आत्याचाच!

'आई, नैना गाडीत आहे, ऐकतेय,' एवढं विनयला म्हणता आलं असतं. 'हे ठरवलं कोणी?' असंही विचारता आलं असतं. अर्ध्या तासापूर्वी तर तो तेच शिकवून आला होता. तो म्हणाला, "बघू, आई."

'बघू' हा आपल्या शिकल्यासवरल्या पुरुषांचा फार लाडका शब्द. त्यात होकारही नसतो, नकारही नसतो, आणि अन्याय मात्र आपसूक पार पडतो.

फोन संपल्यावर नैना खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दादा, शनिवारी मी किचन सांभाळते. इट्स फाइन." तिचा आवाज फाइन नव्हता. विनयनं ऐकलं आणि गाडी चालवत राहिला.

शनिवारी घर फुललं होतं. रविवारचे श्रोते बहुतेक सगळे हजर होते. पाळण्याशेजारी स्टँडवर टॅब्लेट लावला होता आणि त्यात जरीची साडी नेसलेली आई दिसत होती. नैना स्वयंपाकघरात बटाटेवडे तळत होती. दीपाला विनयनं सांगितलं होतं, की नैना आयत्या वेळी येईल. खोटं बोलायला त्याला सोपं गेलं, हे त्याचं त्यालाच नंतर मनाला लागलं.

नावाची वेळ झाली. टॅब्लेटमधून आईनं खूण केली आणि पाळण्यावर वाकली अनन्या. दीपानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा टॅब्लेटकडे, एकदा नवऱ्याकडे. मग पाळण्यात हात घालून तिनं तळव्यानं लेकीचा कान झाकला.

"अगं, मुहूर्त चाललाय!" टॅब्लेटमधून आई ओरडली.

"जाऊ दे आई. हिची आत्या आल्याशिवाय मी हात काढणार नाही."

अनन्या खजील होऊन मागे सरली. "सॉरी दीपा, मला वाटलं तुमचं सगळ्यांचं ठरलंय."

सगळे विनयकडे बघत होते. तो स्वयंपाकघरात गेला. नैनानं गॅस बंद केला होता.

"नको रे दादा. उद्या हिला साधी सर्दी झाली तरी आईला माझंच तोंड आठवेल. आणि खरं सांगू? मलाही आठवेल. मी केमिस्ट्रीत पीएचडी केलेली बाई, आणि मला भीती वाटते."

विनयला रडू आलं. "त्या दिवशी गाडीत मी बोलायला हवं होतं."

"हो," नैना म्हणाली. "हवं होतंस."

"आता बोलतो." तो बाहेर आला आणि टॅब्लेटसमोर उभा राहिला. "आई, नाव नैनाच सांगणार. माझ्या मुलीला काही अशुभ असलंच, तर ते तिच्या बापाचं गप्प बसणं."

टॅब्लेटच्या पडद्यावर फक्त छताचा पंखा फिरताना दिसायला लागला. आईनं तिकडे फोन उताणा ठेवून दिला होता.

नैना ओले हात पुसत आली. दीपानं तळवा काढला. नैना वाकली आणि तिनं त्या इवल्याशा कानात सांगितलं, "कुर्र... रुही."

आत्या वाकली की बायका हसत हसत तिच्या पाठीत धपाटे घालतात. नैना वाकलेलीच राहिली, वाट बघत. दोन बायका मागे सरकल्या. एकीनं कडेवरचं मूल नैनापासून लांब, दुसऱ्या कडेवर घेतलं. विनय पुढे झाला आणि पुरुषाला न शोभणारा तो धपाटा त्यानं अवघडून घातला. मग अनन्यानं घातला.

दोनच हात पडले. खोलीत चाळीस माणसं होती. त्यातल्या पंचवीसेक जणांनी आदल्या रविवारी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या होत्या. वाचकहो, ते हात कुठे होते, हे मी सांगत नाही. आपले कुठे असते, तेवढं ज्यानं त्यानं बघावं.