कोरडे हात

“थांबा मावशी. दोन वाक्यं गाळलीत तुम्ही.”

मावशींचं बोट ओळीवरच थांबलं. आबांची दृष्टी गेली होती, पण कान तिखट होते. त्यातून ही रहस्यकथा त्यांनीच ऐन तारुण्यात लिहिलेली. ती आता पुन्हा छापायची होती, आणि इतक्या वर्षांनी ती उभी राहते का, हे त्यांना ऐकून तपासायचं होतं. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या मावशींनी वाचनाचं काम हौसेने अंगावर घेतलं. गोष्टीत खून पडला की त्या आबांचं औषधसुद्धा विसरत.

“नजर चुकली,” मावशी म्हणाल्या.

“थापा मारू नका. वाचा.”

मावशींनी घसा खाकरला. “‘मोलकरीण दारात उभी होती. असल्या बायकांचे डोळे सदा दुसऱ्याच्या कपाटावर आणि हात सदा ओले. आज तेवढे कोरडे होते.’”

आबांचा चेहरा उतरला. मावशींनी निम्मं आयुष्य चार घरची धुणीभांडी करण्यात घालवलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

“पण हे गाळून कसं चालेल?” ते ओशाळून म्हणाले. “हात कोरडे, म्हणजे विषाचा पेला तिने नाही, दुसऱ्याच कुणीतरी धुतला. सगळा उलगडा इथेच आहे.”

“अगं बाई!” मावशी हरखल्या. “काय डोकं हो तुमचं! मी मेली कपाटावरच्या डोळ्यांनीच भडकले, हातांकडे लक्षच गेलं नाही.”

“म्हणूनच तिथे लपवलं. मोलकरणीकडे दुसऱ्यांदा कोण बघतं?”

बोलून गेल्यावर आबांनी जीभ चावली.

“पेन घ्या,” ते म्हणाले. “‘मोलकरीण दारात उभी होती. तिचे हात कोरडे होते.’ बस्स, एवढंच.”

“नको हो! मग शेंबडं पोरही ओळखेल. एवढी झकास युक्ती मातीत घालताय!” मावशींना मनापासून वाईट वाटलं. वाक्य जिव्हारी लागलं होतं, पण युक्तीवर त्यांचा जीव जडला होता.

“लिहा म्हणतो ना.”

त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं.

“सापडला खुनी?” आबांनी विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. पण एवढ्या हुशार माणसाशी खोटं बोलायला मावशींची जीभ रेटेना.

“सापडला,” त्या म्हणाल्या. “लगेच.”

आबांनी मान डोलावली. उभ्या जन्मात त्यांना यापेक्षा चांगली युक्ती सुचली नव्हती.

“सापडू दे,” ते म्हणाले. “पुढचं वाचा.”