मडकं जागेवरच असतं

सेनानू सरांनी फळ्यावर गतीचे चार प्रकार लिहिले आणि एकेकाचं उदाहरण विचारलं. सरळ रस्त्यानं प्रवासी घेऊन धावणारी ट्रोट्रो गाडी झाली रेषीय. उकडलेल्या कंदांचा फुफू कांडणारं मुसळ आंदोलित. बाजारात सुटलेली बकरी यादृच्छिक, यावर वर्ग मनसोक्त हसला. उरली वर्तुळाकार. सरांनी पुस्तकातलं चित्र दाखवलं: चाक, चाकावर मडकं, शेजारी बसलेला कुंभार.

“इथे काय फिरतंय?”

एसिनाम उभी राहिली. “बाई फिरते, सर. मडकं जागेवरच असतं. बाई कमरेत वाकते आणि मडक्याभोवती उलट्या पावलांनी चालते.”

“हिच्या गावात अजून चाकाचा शोध लागायचाय,” मागून कोणीतरी म्हणालं, आणि वर्ग खो-खो हसला.

सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मडक्याभोवती उलटी चालणारी बाई त्यांनी जन्मल्यापासून पाहिली होती. तिच्या पाठीवर बांधलेले असतानाच त्यांच्या पहिल्या फेऱ्या झाल्या होत्या. पण या शाळेत रुजू झाले त्या दिवशी कोणीतरी घरची चौकशी केली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, आईचं शहरात कापडाचं दुकान आहे. एक थाप पचवायला पुढे दहा माराव्या लागतात. आईलाही त्यांनी बजावलं होतं, शाळेकडे फिरकू नकोस, उगाच दगदग. ती काय समजायचं ते समजली होती.

“कुठे पाहिलंस हे?” त्यांनी फळ्याकडे तोंड करून विचारलं.

“नदीकाठच्या गावात, सर. शनिवारी मावशीकडे जाते ना, तिथे एक आजी आहेत.”

“कोण आजी? नाव काय?”

एसिनामनं सरांच्या पाठीकडे पाहिलं. “आठवत नाही, सर.”

“नाव आठवत नाही, पण गती बरोबर आठवते. दहा वेळा लिहून आण. मडकं फिरतं, कुंभार स्थिर असतो.”

त्या रात्री सरांना जेवण गेलं नाही. आपल्या आईला आपण खोटं पाडलं, आणि तेही लोकांच्या पोरीच्या हातून, दहा वेळा. स्वतःची अशी किळस त्यांना कधी वाटली नव्हती.

शनिवारी न राहवून ते गावाला गेले. आई अंगणात वाकून ओल्या फडक्यानं मडक्याची कड गुळगुळीत करत होती आणि मागे मागे सरकत होती. चार पावलांवर थांबे, गुडघा चोळे, पुन्हा चाले. शेजारी माती तुडवत उभी होती एसिनाम.

आईनं मुलाकडे पाहिलं, मग त्याच्या शाळेतल्या त्या पोरीकडे, आणि पटकन म्हणाली, “या, मास्तर. मडकं बघायला आलात ना? बसा. पोरी, मास्तरांना पाणी दे.”

जन्मदात्या आईनं आपल्याला ‘या, मास्तर’ म्हणावं, आणि तेही आपलीच लाज झाकायला! सेनानूला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तरीही तो बसला. पाणीसुद्धा प्यायला.

चटईवर वही पडली होती. “ही पोर सकाळपासून खरडत होती,” आई म्हणाली. तिला अक्षरओळख नव्हती. “काय लिहिलंस गं एवढं? वाच की.”

“काही नाही, आजी. अभ्यास.”

“वाच म्हणते ना.”

एसिनामनं खालच्या आवाजात वाचलं, “मडकं फिरतं, कुंभार स्थिर असतो.”

आई कमरेवर हात ठेवून हसली. “स्थिर? मग माझे गुडघे काय बसून झिजले? कुठल्या गाढवानं शिकवलं हे?”

“आहेत एक सर,” एसिनाम मातीकडे बघत म्हणाली. “नवीन आहेत.”

गप्प राहिलं असतं तर याही वेळी निभावलं असतं.

“मी शिकवलं, आई,” सेनानू म्हणाला. पोरीकडे बघायचा धीर होईना, तरी त्यानं बघितलं. “एसिनाम, ही माझी आई आहे.”

“माहीत आहे, सर. आत भिंतीवर तुमचा फोटो आहे, पदवीच्या काळ्या झग्यातला. पहिल्याच शनिवारी पाहिला मी.”

मडक्याची कड सुकत चालली होती. आईनं फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं.

“पाय घे तिकडे, सेनानू,” ती म्हणाली, आणि वाकून उलटी चालू लागली.